पुण्यातला ‘पु’ लघू की गुरू? वृत्त, यमक, अलंकार यांची कामापुरती परिभाषा

लघुगुरू

आपल्या मंचाच्या काव्यविभागात ‘हे वृत्तात बसतंय का बघाल?’ असा प्रश्न आला की खाली प्रतिसादांत तिघे मात्रांचे तीन आकडे देतात. १५, १६, १७. नियम तिघांनाही पाठ असतात. चूक नियमांत नसते, ते डोळ्याने लावण्यात असते. म्हणून हा धागा. परिभाषा एकेक घेऊ, पण शाळेच्या व्याकरणाच्या क्रमाने नको. लिहिताना जिथे अडतं त्या क्रमाने. उदाहरणाच्या ओळी शक्यतो स्वतः जुळवा, म्हणजे मोडून परत बांधायला संकोच वाटत नाही.

आधी अक्षर आणि मात्रा. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर ज्या अक्षरात, ते लघू, त्याची १ मात्रा. बाकी सगळे स्वर दीर्घ, म्हणजे गुरू, २ मात्रा. बॅ, कॉ हेही गुरूच. उच्चारात अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर ऱ्हस्व अक्षरही गुरू होतं: ‘संसार’मधला सं, ‘दुःख’मधला दुः. लिहून दाखवताना लघूला ल आणि गुरूला गा म्हणू.

आता जोडाक्षर. इथेच सगळे घसरतात. जोडाक्षर स्वतः जड होत नाही, ते आपल्या *आधीच्या* अक्षराला जड करतं. ‘प्रकाश’मधला प्र लघूच आहे, कारण त्याच्या आधी कुणी नाही. ‘सत्य’मध्ये स गुरू आणि त्य लघू. आणि हे वजनही आघात पडला तरच. ‘मी पुण्यात राहतो’ आणि ‘पुण्यात वाटेकरी नसतो’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. पहिल्यात पु-ण्यात, पु हलका: लगाल. दुसऱ्यात पुण्-ण्यात, पु दाबला जातो: गागाल. लिखाण अगदी एकच, मात्रा पहिल्यात ४ आणि दुसऱ्यात ५.

पर्वतीपायथा

उत्तम उदाहरण. याचंच जुळं भावंड म्हणजे दिव्याचा (दिवा) आणि दिव्याचा (दिव्य). पहिला लगागा, दुसरा गागागा.

नवीन माणसाला ओळखायची खूण अशी: शब्द सामान्यरूपात (प्रत्यय लागण्याआधी बदललेल्या रूपात) किंवा अनेकवचनात जाताना ‘य’ येऊन जोडाक्षर झालं असेल तर बहुतेक वेळा आघात नसतो. पुणे–पुण्याला, दिवा–दिव्याला, तुझा–तुझ्या, सुरी–सुऱ्या, मिठी–मिठ्या. मूळ शब्दातच जोडाक्षर असेल, त्यातही संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल, तर आघात असतो: सत्य, विद्या, मित्र, पुष्प.

दुसरा गट म्ह, न्ह, ल्ह यांचा. तुम्ही, उन्हाळा, पुन्हा, कुल्हड. इथे लिखाणात जोडाक्षर दिसतं, पण तोंडात ते एकच महाप्राण, म्हणजे ह मिसळलेलं, व्यंजन असतं. आधीचं अक्षर लघूच.

तिसरी गोष्ट जुनी पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी. जुन्या छपाईत ‘हंसणे’, ‘नांव’, ‘कांही’ असे अनुच्चारित अनुस्वार भेटतात. ‘नांव’मध्ये ना मुळातच गुरू, त्यामुळे फरक पडत नाही. ‘हंसणे’मध्ये मात्र फसगत होते. उच्चार ‘हसणे’ असेल तर ह लघूच मोजायचा. हंस पक्ष्यातला हं गुरू.

नवी_वही

‘नव प्रकाश’ असं लिहिलं तर ‘व’ गुरू होतो का? पुढे ‘प्र’ आहे ना.

लघुगुरू

संस्कृतात होतो. मराठीत दोन शब्दांमध्ये श्वास सुटतो, त्यामुळे सहसा होत नाही. पंडिती वळणाच्या श्लोकांत मात्र होतो. म्हणून ओळ कुणाची, कोणत्या काळातली हे बघून मोजायचं. सामासिक ‘नवप्रकाश’ एका दमात म्हणाल तर आघात जाणवतो. परत तेच: कान.

गणांकडे वळू. तीन अक्षरांचा एक गण, असे ८ गण. पाठ करायला ‘यमाताराजभानसलगा’ हा एकच शब्द पुरतो. हव्या त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं उचलायची: यमाता म्हणजे य गण (लगागा), मातारा म्हणजे म (गागागा), ताराज त (गागाल), राजभा र (गालगा), जभान ज (लगाल), भानस भ (गालल), नसल न (ललल), सलगा स (ललगा).

सुरुवात भुजंगप्रयातापासून करा. चार वेळा य गण, १२ अक्षरं, २० मात्रा. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे चाल महाराष्ट्रातल्या बहुतेक कानांत आधीच बसलेली असते. ही ओळ बघा:

पुण्याच्या उन्हाला कधी सावली ना
पु-ण्या-च्या | उ-न्हा-ला | क-धी-सा | व-ली-ना
लगागा | लगागा | लगागा | लगागा

पु आणि उ दोघांच्याही पुढे जोडाक्षर, दोघेही लघू. डोळ्याने मोजणारा इथे पहिल्या सहा अक्षरांना सहा गुरू देतो आणि ‘वृत्त चुकलंय’ असा शेरा मारून जातो. आता दुसरी ओळ (मुठा ही पुण्याची नदी):

मुठेच्या पुलावर उभा एकटा मी

म्हणायला बरी वाटते, पण मोजा. मु-ठे-च्या (लगागा), पु-ला-व (लगाल), र-उ-भा (ललगा). अक्षरं १३ झाली. चौथ्या गुरूच्या जागी व आणि र असे दोन लघू आले. अक्षरगणवृत्तात हे चालत नाही, कारण तिथे अक्षरांची संख्या आणि जागा दोन्ही ठरलेल्या. ‘पुलाशी’ केलं की काम झालं: मुठेच्या पुलाशी उभा एकटा मी.

काफियाप्रसाद

गझलेत मात्र ‘पुलावर’ चालतं, हेही इथेच सांगून टाकू, नाहीतर लोक गोंधळतील. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. ‘वर’ हे प्रत्यक्षात ‘वर्’ असं एकाच झटक्यात येतं, म्हणून दोन लघू मिळून एक गुरू ही सूट मराठी गझलेने घेतली.

पण सूट सरसकट नाही. ‘कमळ’ आपण क-मळ असं तोडतो, कम-ळ असं नाही. म्हणून ‘कमळ’ लगाच्या जागी बसतं, गालच्या जागी बसवलं की ओळ लंगडते. सरळ, नगर, शहर, पदर सगळे तसेच. आणि एका शब्दाचा शेवटचा लघू व पुढच्या शब्दाचा पहिला लघू जोडून गुरू करू नये. कागदावर हिशेब जुळतो, पण म्हणणारा मध्ये थांबतोच.

मात्रामोजणी

मात्रावृत्तांचं मी लिहितो. इथे अक्षरं कितीही, एकूण मात्रा ठरलेल्या. सोपं वाटतं, म्हणून जास्त बिघडतं.

पायाभूत माप ८ मात्रांचं धरा. ८+८ म्हणजे पादाकुलक. ८+८+८ अनलज्वाला. ८+८+८+३ समुदितमदना, शेवटी ४ असतील तर लवंगलता, ६ असतील तर हरिभगिनी. पाचांपैकी तीन नावं विसरलात तरी बिघडत नाही, आठाचा ठेका विसरायचा नाही.

पादाकुलकाच्या दोन ओळी:

उतरत जाते ऊन पुलावर
मुठेत थोडे उरले पाणी

पहिली: उ१ त१ र१ त१ जा२ ते२ = ८, ऊ२ न१ पु१ ला२ व१ र१ = ८. दुसरी: मु१ ठे२ त१ थो२ डे२ = ८, उ१ र१ ले२ पा२ णी२ = ८.

आता बिघाड बघा:

पुलावरून पाणी पाहिले

बेरीज करा: पुलावरून ७, पाणी ४, पाहिले ५. एकूण १६. पण ठेका धरून म्हणा. सातव्या मात्रेवर ‘पुलावरून’ संपतं, आठवी आणि नववी मात्रा मिळून ‘पा’ होतो. दुसऱ्या आठाची टाळी बरोबर ‘पा’च्या पोटात पडते. गुरू अक्षर मधोमध चिरता येत नाही. ‘मात्रा १६ आहेत तरी लय का नाही’ या तक्रारीचं कारण दहापैकी आठ वेळा हेच निघेल.

नवीन माणूस यावर ‘पुलावरूनी पाणी बघता’ असा इलाज करतो. ८+८ झाले, पण ‘रूनी’ हा उसना ‘नी’ झाला. मजला, तुजला, परी, अन्, हा, तो, गे, रे हे सगळे याच पिशवीतले भरतीचे शब्द. त्यापेक्षा ओळ उलटी फिरवा:

उभे पुलावर, पाणी पाहत

उ१ भे२ पु१ ला२ व१ र१ | पा२ णी२ पा२ ह१ त१. एकही शब्द ताणलेला नाही. मोजमाप जमत नसेल तर शब्द लांबवू नका, वाक्याचा क्रम बदला.

पर्वतीपायथा

+१. फक्त ‘रे’, ‘गे’ यांना सरसकट भरतीत टाकू नका. संबोधन खरं असेल तर ते अर्थाचे शब्द आहेत. कसोटी सोपी: शब्द काढून वाक्य गद्यात म्हणा. काहीच हरवलं नाही तर तो भरतीचा.

जुनाबाजार

मात्रांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. ही जुनी ओळ सगळ्यांना ठाऊक असते:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची

आर्या हे चार चरणांचं मात्रावृत्त, मात्रा १२, १८, १२, १५. चौथ्यातही १८ असतील तर ती गीती. आता ही मोजा. सु२ श्लो२ क१ वा२ म१ ना२ चा२ = १२. अ१ भं२ ग१ वा२ णी२ प्र१ सि२ द्ध१ तु१ क१ या२ ची२ = १८. ओ, वी, ज्ञा, ने, शा, ची सहाही गुरू = १२. किं२ वा२ आ२ र्या२ म१ यू२ र१ पं२ ता२ ची२ = १८. शेवटी १५ नाहीत, १८ आहेत. म्हणजे आर्येचं गुणगान करणारी ही ओळ आर्या नसून गीती आहे! बारामतीच्या मोरोपंतांनी (ओळीतले मयूरपंत ते हेच) आर्या म्हणून जे अफाट लेखन केलं त्यातलं बहुतेक गीतीच आहे. लोक दोघींनाही आर्याच म्हणत आले.

सरावाला ही ओळ फार चांगली. ‘सुश्लोक’मधल्या ‘सु’वर आघात आहे, ‘प्रसिद्ध’मध्ये ‘प्र’ लघू आणि ‘सि’ गुरू आहे, ‘तुकया’मध्ये सलग दोन लघू आहेत. वर लघुगुरूंनी सांगितलेले नियम दोन ओळींत तपासून होतात.

ओवीबाई

तुम्ही सगळे मात्रांत अडकलात. पुण्याच्या एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला देहू, आणि तिथली रचना मात्रांची नाहीच. ती अक्षरसंख्येची. याला छंद म्हणायचं, वृत्त नव्हे. इथे लघू-गुरू बघायचं नाही, जोडाक्षरही एकच अक्षर. ‘शब्द’ दोन अक्षरं, ‘अर्थ’ दोन.

मोठा अभंग: चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ बोटांवर मोजून बघा, माप चोख मिळतं. त्याच मापावर:

शब्द मोजताना / अर्थ गेला दूर
राहिला तो सूर / कानामध्ये

नवशिक्यांची चूक चौथ्या चरणात होते. चारच अक्षरांत वाक्य संपवायचं म्हटलं की ते पाच-सहावर जातात, किंवा चौथ्यालाही यमक जुळवतात. चौथा चरण आखूड आणि यमकाबाहेर असतो, म्हणूनच तो वाक्याला टेकू देतो. त्याला यमक दिलंत की अभंगाचं पद्य होतं.

छोटा अभंग दोन चरणांचा, साधारण ८-८ अक्षरं, शेवटी यमक. इथे ‘नदीचे–काठाचे’, ‘करून–बसून’ असली यमकं फार येतात. जुळतो तो नुसता प्रत्यय. मराठीत प्रत्यय जुळवणं फुकट आहे, म्हणून त्याला किंमत नाही. प्रत्ययाच्या आधीचं एखादं व्यंजन किंवा स्वर तरी जुळू द्या. ‘नदीचे–गादीचे’ चालेल, ‘नदीचे–काठाचे’ दुबळं.

ओवीचे दोन प्रकार वेगळे ठेवा. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची: पहिल्या तीन चरणांना यमक, शेवटचा अर्धा. अक्षरसंख्या सैल.

जे कानासी गोड लागे
जे श्वासासवे जागे
जे शब्दांच्याही मागे
उभे असे

अक्षरं ८, ७, ७, ४. आणि जात्यावरची ओवी गळ्यातली. तिचं माप जात्याच्या फेऱ्याने ठरतं; म्हणणारी ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ घालून ओळ फेऱ्याला पुरवते. इथे ते भरतीचे शब्द नव्हेत, मात्रामोजणी! लिहिलेल्या प्रतीवरून तिची अक्षरं मोजत बसण्यात अर्थ नाही.

मात्रामोजणी

मान्य. गळ्यासाठी रचलेलं आणि डोळ्यासाठी रचलेलं यांना एक फूटपट्टी नको.

नवी_वही

यती म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही. आणि स्वल्पविराम दिला की यती होते का?

लघुगुरू

नाही. यती वृत्ताने ठरवलेली थांबायची जागा, स्वल्पविराम अर्थाने ठरवलेली. दोन्ही एका ठिकाणी आल्या तर उत्तम, न आल्या तरी यतीच्या जागी शब्द संपायला हवा. लांब वृत्तांत ती अटळ, कारण एका दमात १७–१९ अक्षरं ओढवत नाहीत. मंदाक्रांता १७ अक्षरांची, यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर:

आकाशाला | हळुहळु जरी | मेघ झाकीत जाती
गागागागा | लललललगा | गालगागालगागा

चार संथ पावलं, मग धावपळ, मग झोका. यती मोडून ‘आकाशाला’च्या जागी पाच अक्षरी शब्द घुसवला की संथपण संपायच्या आत धावपळ सुरू होते. ‘हळुहळु’ ऱ्हस्व घेतलंय तेही पाहून ठेवा. नेहमीच्या लेखनात हळूहळू, पण वृत्तासाठी ही सूट घेतात. एका कवितेत एकदा, फार तर दोनदा.

शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरं, यती बाराव्यानंतर. शिखरिणीत १७, यती सहाव्यानंतर. मालिनीत १५, यती आठव्यानंतर. वसंततिलका १४ अक्षरांची, तिथे यतीचा जाच नाही, म्हणून भुजंगप्रयातानंतर तीच घ्या.

काफियाप्रसाद

गझल. या विभागात गझल म्हणून जे टाकलं जातं त्यातलं निम्मं यमकाची कविता असते, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्याच्या उन्हाची कथा वेगळी ही
मुठेच्या तळाशी तशी पोकळी ही

कुणी बोलले ना, कुणी ऐकले ना
तुझी हाक आली तरी कोवळी ही

वृत्त भुजंगप्रयात, सगळ्या ओळी त्यातच. एक ओळ म्हणजे मिसरा, दोन मिसऱ्यांचा शेर. पहिला शेर मतला, त्याच्या दोन्ही ओळींत यमक. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द म्हणजे रदीफ: इथे ‘ही’. त्याआधीचा बदलणारा, जुळणारा शब्द म्हणजे काफिया: वेगळी, पोकळी, कोवळी. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जमीन. किमान पाच शेर हवेत, आणि प्रत्येक शेर आपल्यापुरता पूर्ण. वरचा दुसरा शेर मतल्याशिवाय एकटा म्हणता येतो का पाहा. येतो. तुमचा येत नसेल तर ती गझलेच्या आकृतिबंधातली सलग कविता झाली.

सगळ्यात जास्त दांड्या उडतात अलामतीवर. काफियात न बदलणाऱ्या अक्षराच्या आधीचा स्वर म्हणजे अलामत. इथे ‘ळी’ कायम, त्याआधी ग, क, व, तिघांतही ‘अ’. म्हणून सावळी, मोकळी, ओंजळी चालतील. दिवाळी चालणार नाही, तिथे ‘आ’. मुळी नाही, तिथे ‘उ’. आरोळी नाही, तिथे ‘ओ’. वाचताना ‘ळी ळी’ जुळल्यासारखं वाटतं, पण मैफलीत ऐकणारा दचकतो.

अजून एक सापळा. मतल्यात ‘वेगळी’ आणि ‘आगळी’ घेतलंत तर दोघांत ‘गळी’ सामाईक. म्हणजे तुम्हीच जाहीर केलंत की ‘ग’ही कायम राहणार. मग पुढे ‘पोकळी’ आणता येत नाही. ‘सगळी’ येईल आणि यादी तिथेच संपेल. म्हणून मतला बांधायच्या आधी काफियांची यादी करा. दहा-बारा चांगले काफिये सापडले नाहीत तर जमीन बदला. मतल्यासाठी अशी जोडी घ्या की जिच्यात कमीत कमी अक्षरं सामाईक असतील.

सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका यासाठी आजही पुरते.

जुनाबाजार

नावांचा एक घोळ सांगून ठेवा. शाळेत ओळीच्या शेवटच्या कुठल्याही जुळणीला अंत्ययमक म्हणतात. मराठी गझलेच्या परिभाषेत काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे अंत्ययमक. दोघे वेगवेगळ्या खोलीत बसून एकच शब्द वापरतात आणि भांडतात. शिवाय अलंकारातला यमक आणखी निराळा: तेच वर्ण त्याच क्रमाने पण वेगळ्या अर्थाने परत येणं.

काफियाप्रसाद

म्हणूनच मी काफिया-रदीफच म्हणतो.

ताम्हन

अलंकारांची व्याख्या पाठ करून काही होत नाही. एकच गोष्ट घ्या आणि वाक्याचा सांधा बदलत जा. मुठा आणि साप.

मुठा सापासारखी वळते. ही उपमा. चार भाग मोजा: उपमेय मुठा, उपमान साप, साधारण धर्म वळणं, साधर्म्यवाचक शब्द ‘सारखी’. जणू, वाटे, गमे आलं की उत्प्रेक्षा: ही मुठा म्हणजे जणू सापच. ‘जणू’ही काढा: मुठेचा साप पुलाखालून सरकला. रूपक. उपमेय नाकारा: ही मुठा नव्हेच, साप आहे. अपन्हुती. उपमेय वरचढ करा: सापालाही इतकी वळणं नसतात. व्यतिरेक. उपमानच सापडेना: मुठेसारखी मुठाच. अनन्वय. साप सोडून द्या आणि नदीला माणसाचं वागणं द्या: मुठा उन्हात अंग टाकून पडली आहे. चेतनगुणोक्ती.

सात अलंकार, एक नदी. स्वतःच्या कवितेत हा व्यायाम केला की लक्षात येतं की ‘सारखे’ काढल्यावर ओळ बहुधा सुधारते. तिथेच पुढची चूकही होते. रूपक एकदा मांडलं की ते पाळावं लागतं. पहिल्या ओळीत मुठेचा साप केला आणि दुसऱ्या ओळीत तिने पंख पसरले, तर वाचक साप विसरतो आणि पंखही त्याला दिसत नाहीत.

अनुप्रासाबद्दल एकच: तो शब्दाच्या पहिल्या अक्षरापुरता नसतो. ‘उरले पाणी पुलापलीकडे’ यात प आणि ल मधूनमधून येतात, ते कानाला जास्त गोड लागतं. ओळीतला प्रत्येक शब्द ‘क’ने सुरू केलात तर ती जाहिरात वाटते.

ओवीबाई

आणि श्लेष? ‘पुण्यात’वर श्लेष करायचा मोह इथल्या निम्म्या कवींना होतो.

ताम्हन

कागदावर होतो. मोठ्याने म्हटला की फुटतो, कारण धाग्याच्या सुरुवातीलाच सिद्ध झालंय की दोन्ही ‘पुण्यात’ वेगळे वाजतात. वृत्तात तर एकाच जागी बसणारच नाहीत. श्लेषाला उच्चारही एक हवा. ‘कर’ (हात, महसूल) किंवा ‘मित्र’ (सखा, सूर्य) हे खरे श्लेषाचे शब्द.

पर्वतीपायथा

मुक्तछंदाबद्दल दोन ओळी, नाहीतर कुणीतरी ‘मग आम्ही काहीच शिकायला नको ना’ म्हणेल. मुक्तछंदात चरणांची लांबी मोकळी, लय मोकळी नव्हे. ओळ कुठे तोडली हाच तिथला मुख्य निर्णय. प्रत्येक ओळ क्रियापदावर तुटत असेल तर ते उभं लिहिलेलं गद्य.

नवी_वही

सराव कसा करायचा? आणि पुस्तक कोणतं?

लघुगुरू

पुस्तक: माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांचं ‘छंदोरचना’. हे फर्ग्युसनमध्ये फारसी शिकवत आणि पुण्यातल्या रविकिरण मंडळाचे कवी. संस्कृत, मराठी आणि फारसी तिन्ही रचनापद्धती एका माणसाच्या हातात असल्याने त्या पुस्तकाला जोड नाही. पण सुरुवातीलाच उघडू नका, घाबराल. आधी शाळेच्या व्याकरणातलं वृत्तांचं प्रकरण पुरे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या कुठल्याही दुकानात ते व्याकरण मिळेल.

सराव असा. ओळीतली अक्षरं सुटी-सुटी लिहायची, मध्ये रेघ. खाली ल आणि गा. मग मोबाइलवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करायचं, पण चाल न लावता, बातमी वाचल्यासारखं. चाल लावली की गळा चुका झाकतो, लघूला ओढून गुरू करतो आणि तुम्हाला कळतही नाही. शेवटी ओळ दुसऱ्या कुणाला तरी न सांगता वाचायला द्यायची. तो जिथे अडखळेल तिथे खूण करायची. मोजणी बरोबर असली तरी ती जागा बिघडलेली आहे.

आणि शब्दांच्या घडणीप्रमाणे वहीची पानं करा. एका पानावर लगागा: सकाळी, उन्हाळा, पुण्याला, तुझ्याशी. दुसऱ्यावर गालगा: मोगरा, एकटा, चांदणे. तिसऱ्यावर गागा: चाफा, पाणी, माती. ओळ अडली की कोशापेक्षा हे पान लवकर कामाला येतं.

नवी_वही

भुजंगप्रयातात प्रयत्न केलाय. कुठे चुकलं ते सांगा:

तुझ्या अंगणी चाफा फुलला पुन्हा रे

मात्रामोजणी

मात्रा १+२+२, १+२+२, २+१+१+२, १+२+२. एकूण २१. एक जास्त.

लघुगुरू

बेरीज बरोबर, पण दुरुस्ती बेरजेने होणार नाही, जागेने होईल. तु-झ्या-अं | ग-णी-चा | इथपर्यंत चोख. तिसरा गण लघूने उघडायला हवा आणि तिथे आला ‘फा’. चाफा हा गागा शब्द. लगागाच्या साखळीत त्याची एकच जागा, दुसरं आणि तिसरं अक्षर. म्हणजे त्याच्या लगेच आधी एक लघू लागतो. तुम्ही ‘अंगणी’तल्या गुरू ‘णी’नंतर त्याला बसवलं, म्हणून तो एक घर पुढे सरकून दोन गणांत फाटला.

‘मोगरा’ घेतलात तर लगेच सुटतं: तुझ्या अंगणी मोगरा का फुलेना. ‘रे’ही गेला.

नवी_वही

मोगरा नको, चाफाच हवा.

ओवीबाई

मग चाफ्याच्या आधी त्याचाच एक लघू लावा.

तुझ्या दारचा सोनचाफा फुलेना
तु-झ्या-दा | र-चा-सो | न-चा-फा | फु-ले-ना

नवी_वही

‘तुझ्या’तला तु लघू, ‘य’ सामान्यरूपातला. बरोबर?

पर्वतीपायथा

बरोबर. आता याच्यावर दुसरी ओळ टाका, आणि शेवटी ‘ना’ नको.